माळ्यावरच्या चौघी

पुण्याच्या नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर १९९२ पासून पुढची काही वर्षं आम्ही चौघीजणी राहत होतो. मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावची. दुसरी औशाची, तिसरी चिपळूणची आणि वयानं मोठी ती धुळ्याची, म्हणून ती आमची ताई. बाकीच्या एकमेकींना गावाच्या नावानंच हाका मारायचो. आजही फोन लागला की ‘बोल गं औसा’ इथूनच सुरुवात होते.

शिक्षण संपल्यावर मी शिक्षकी पेशात आले आणि आता बऱ्याच वर्षांपासून मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर आहे. इमारत चांगली आहे. प्रत्येकीला कॉट, कपाट, टेबल, पंखा. तरी दर जुलैत कुणीतरी पोर डोळे सुजवून ऑफिसच्या दारात उभी राहते : ‘मॅडम, मला इथं करमत नाही, घरी जाऊ द्या.’ अशा मुलीला काय द्यायचं हे मी त्या माळ्यावर शिकले. ज्यांच्या हाताखाली मुलं राहतात आणि ज्यांची मुलं यंदा घर सोडणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. चांगला कोपरा कुणाचाच कायमचा नसावा.

माळा थेट कौलांखाली. अरुंद लाकडी जिना, धरायला वरून सोडलेला दोर, आणि वर पोचलं की जमिनीतच बसवलेलं फळ्यांचं दार. आढ्याखाली ताठ उभं राहता यायचं. वळचणीकडे सरकलं की वासा डोक्याला लागायचा, म्हणून तिकडे ट्रंका. कौलं मंगलोरी. असल्या कौलांचा कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला काढला. आमच्या कौलांवर आतल्या बाजूनं कारखान्याची अक्षरं उमटलेली होती आणि पडल्या पडल्या ती वाचता यायची. मध्ये एकच काचेचं कौल. त्यातून उन्हाचा चौकोन सकाळी जिन्यापाशी उतरायचा आणि दुपारपर्यंत ट्रंकांवर चढायचा.

अशा जागेत चार गाद्या म्हणजे चार वेगवेगळी नशिबं. काचेच्या कौलाखालची जागा अभ्यासाला उत्तम. खिडकीजवळ वारा. जिन्याच्या तोंडाशी झोपणाऱ्या मुलीला पहाटे सगळ्या ओलांडून जाणार. आणि चौथ्या कोपऱ्यात पावसाळ्यात ठिबकायचं. ताईनं माझ्या आधीच नियम घालून ठेवला होता : महिन्याच्या पहिल्या रविवारी गाद्या सरकतील. ठिबकणारा कोपरा प्रत्येकीच्या वाट्याला यायचा, त्यामुळे त्याचा बंदोबस्त करण्यात चौघींनाही रस असायचा. ट्रंकेवर उभं राहून वरचं कौल जरा उचलायचं, फुटकं खाली ओढायचं आणि साबूत त्याच्या जागी सारायचं, हे आम्ही चौघीही शिकलो. गवंड्याची वाट बघत बसलो नाही.

वसतिगृहात मी आल्यावर सत्र बदललं की कॉट बदलायची पद्धत पाडली. पहिल्या वर्षी पालकांनी तक्रारी केल्या. मुलींनी केल्या नाहीत.

२. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी काम द्यावं.

हा माझा सगळ्यात पक्का अनुभव आहे.

मी चौघींत शेवटी आले. वडील ट्रंक वर चढवून, काकूंना भाडं देऊन संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. काकू म्हणजे घरमालकीण. दिवेलागणीला मी खिडकीपाशी बसले होते आणि घशात हुंदका अडकला होता. ताईनं ते बघितलं. जवळ येऊन पाठीवरून हात फिरवला नाही की ‘होईल सवय’ म्हणाली नाही. तिनं पितळी कळशी माझ्यापुढे ठेवली. ‘उद्यापासून पिण्याचं पाणी तुझ्याकडे. नळ पहाटे येतो, साडेसहाला जातो. माठ रोज धुवायचा. तू नाही भरलंस तर आम्ही तिघी तहानलेल्या.’

दुसऱ्या दिवशी अंधारातच मी चौकातल्या नळापाशी रांगेत उभी. पुढे तळमजल्यावरच्या आजी, मागे समोरच्या खोलीतल्या वहिनी. ‘माळ्यावरची नवीन का गं तू?’ आजींनी विचारलं, आणि मी ‘हो’ म्हटलं. त्या ‘हो’नं माझं राहणं ठरून गेलं. एका हातात दोर, दुसऱ्या हातानं कमरेवरची कळशी सावरत जिना चढायचा. पहिल्या आठवड्यात परकर रोज भिजायचा. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॉलेजातून परतलेली चिपळूण घटाघटा दोन पेले प्यायली आणि ‘गार झालंय गं आज’ म्हणाली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी इथली आहे.

मायेनं बोलणारी माणसं नव्या मुलीला ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी काही बघू नकोस’ असं सांगतात. हेतू चांगलाच असतो. पण जिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही ती मुलगी पाहुणी राहते, आणि पाहुण्याला घरची आठवण येणारच. आमच्याकडे आता प्रवेशाच्या दिवशीच कामं वाटली जातात : वाचनालयाची किल्ली, वर्तमानपत्रांची वही, गच्चीवरचे दिवे, तुळशीचं पाणी. काम लहान चालेल. फक्त ते तिनं केलं नाही तर चारजणींना जाणवलं पाहिजे. रडत आलेल्या बहुतेक मुली अशा कामानं थांबल्या आहेत. ज्या थांबल्या नाहीत त्यांचं दुखणं वेगळं होतं आणि त्यांना घरी पाठवणंच योग्य होतं.

३. घरचा खाऊ आल्या दिवशीच उघडावा.

धुळ्याहून खापरावरचे मांडे आणि कळण्याचं पीठ, औशाहून धपाटे आणि शेंगांची चटणी, माझ्याकडून कंदी पेढे, चिपळूणहून फणसपोळी. पिशवी जिन्यावरून वर आली की सगळ्यांसमोर सोडायची. ट्रंकेत कुलपाखाली खाऊ ठेवायचा नाही. संपला तर संपला. पुढच्या आठवड्यात दुसरीचा यायचा. वाड्यात मासळी चालत नव्हती. चिपळूणनं ते निमूट पाळलं आणि मे महिन्यात आम्हा तिघींना आपल्या घरी नेऊन भरपाई केली. तिच्या आईनं सुरमईच्या तुकड्या तव्यावरून थेट पानात वाढल्या होत्या.

४. खोली देताना आडनाव विचारू नये.

औशाच्या मुलीला आमच्याकडे येण्याआधी त्याच पेठेतल्या बऱ्याच दारांतून परत जावं लागलं होतं. खोली रिकामी असायची, भाडं ठरायचं, मग आडनाव विचारलं जायचं आणि खोली ‘कालच दिली’ निघायची. हे तिनं आम्हाला फार उशिरा सांगितलं, तेही एकदाच. ऐकताना मला लाज वाटली आणि राग आला. तो राग गेलेला नाही. आजही खोल्यांच्या जाहिरातीत ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ असं लिहिलेलं दिसतं, तेव्हा त्यामागचा प्रश्न मला ऐकू येतो.

माझ्या वडिलांचं शिक्षण रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात झालं, त्यामुळे या विषयावर आमच्या घरी नेहमी बोलणं व्हायचं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाच्या मुलांसाठी, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी, बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली ती त्यांच्यामुळे. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली, एकाच पंगतीत बसवली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचं नाव दिलं गेलं. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. तिथली मुलं दळण, स्वयंपाक, शेतातली कामं आपसांत वाटून घ्यायची. वडील सांगायचे, भाकऱ्या थापणाऱ्याच्या हाताला जात कुठे दिसते? कळशीचा धडा मी ताईकडून घेतला खरा, पण त्याचं मूळ साताऱ्यात आहे, हे मला पुष्कळ नंतर उमगलं.

आमच्या काकूंनी औशाच्या मुलीला एकच प्रश्न विचारला होता : ‘रात्री जिन्याचं दार आठवणीनं लावशील ना?’ त्यामागे एक हकिकत होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. शनिवार, नारायण, कसबा पेठेतली पुष्कळ घरं पडली. काकू तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेल्या. तळमजला पाण्याखाली गेला आणि वाड्यातली, गल्लीतली, ओळखीची-अनोळखी माणसं दोराला धरून माळ्यावर चढली. सगळ्यांना दाटीवाटीनं बसवून झाल्यावर कुणीतरी ते फळ्यांचं दार उघडंच ठेवलं आणि अंधारात एक लहान मूल जिन्यावरून खाली जाता जाता वाचलं. म्हणून दार. पाणी ओसरल्यावर काकूंच्या सासूबाईंनी ठरवलं की माळा यापुढे रिकामा ठेवायचा नाही, शिकणाऱ्या पोरांना द्यायचा. चौकातल्या खांबावर पाण्याची खूण आम्ही होतो तोवर दिसायची. काकू रंगाऱ्याला तेवढा भाग सोडून रंग द्यायला सांगायच्या.

५. दिवा एकच असेल तर तो कुणाचा हे रोज ठरवावं.

चाळीसचा एक बल्ब. त्याला वर्तमानपत्राची टोपी घालून उजेड एका कोपऱ्यात पाडायचा. जिची परीक्षा जवळ तिचा दिवा, बाकीच्यांनी तिकडे पाठ करून झोपायचं. दोघींची असली तर दोघी एका गादीवर. याहून अधिक लिहिण्यासारखं त्यात नाही, पण आज प्रत्येकीच्या कानात वेगळी वायर आणि हातात वेगळा उजेड असतो, तेव्हा ती पाठमोरी झोपण्याची सवय मला आठवते.

६. पैशाची वही सगळ्यांना दिसेल अशी ठेवावी.

मनीऑर्डरी कधी एकाच तारखेला यायच्या नाहीत. जिची आधी येईल तिनं भाडं भरायचं, मग वहीत जमाखर्च. वही खुंटीला दोरीनं बांधलेली. कुणी कुणाचं किती देणं लागतं ते उघड होतं, म्हणून त्याची कुजबुज नव्हती.

७. दुःखात असलेल्या माणसाला सल्ला देऊ नये. त्याच्या शेजारी अंथरूण घालावं.

१९९३ ची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. मिरवणूक पाहून आम्ही मध्यरात्रीनंतर माळ्यावर आलो. लक्ष्मी रस्त्यावरचे ढोल अजून वाजतच होते. पहाटे चारच्या सुमारास मला जाग आली ती माठावरच्या पितळी झाकणाच्या आवाजानं. ते थरथरत होतं. कौलं एकमेकांवर घासली. ढोलांचाच दणका असेल म्हणून आम्ही कूस बदलली.

सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. किल्लारी औसा तालुक्यात. आमच्या औशाच्या मुलीचं आजोळ किल्लारीच्या शेजारच्या गावात. ती उठून उभी राहिली, वाशाला डोकं आपटलं, तिला कळलंही नाही.

त्या दिवशी कुणी कुणाला काय करायचं ते सांगितलं नाही. चिपळूण एसटीडी बूथच्या रांगेत जाऊन उभी राहिली. लाइन लागत नव्हती, तरी दुपारपर्यंत हटली नाही. मी वहीतला हिशेब बाजूला ठेवून भाड्याचे पैसे काढले आणि काकूंना सांगायला खाली गेले. त्यांनी त्यात आपले घालून ते माझ्याच हातात परत दिले. ताईनं दोघींचे कपडे एका पिशवीत भरले. औशाला एकटं पाठवायचं नाही हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं त्या दोघी गेल्या.

लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. माणसं झोपेत होती. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड धाबं, ते सगळं अंगावर आलं. औशाचे आईवडील वाचले. आजोळचं घर गेलं, त्यात आजी आणि मामाची मुलगी गेली.

दिवाळीनंतर ती परत आली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबली. छपराखाली झोपवत नाही, म्हणाली. आम्ही वर जाऊन चारही गाद्या खाली आणल्या आणि चौकाच्या कडेला ओसरीवर घातल्या. कार्तिकातली थंडी. काकूंनी घोंगड्या दिल्या. तळमजल्यावरच्या आजी रात्री उठल्या की तिच्या अंगावरचं पांघरूण नीट करून जायच्या. ‘घाबरतेस काय, इथं काही होणार नाही’ असं तिला एकीनंही म्हटलं नाही. आम्हाला कुठं ठाऊक होतं की होणार नाही?

चिपळूण सिव्हिलचा डिप्लोमा करत होती. एका रविवारी तिनं वहीच्या मागच्या पानावर वाडा काढला : हे सागवानी खांब, ही तुळई, हा भार लाकडावर येतो, भिंत नुसती मध्ये भरलेली आहे, आणि वर आहेत ती कौलं, मातीचा थर नाही. औशानं ते चित्र बराच वेळ पाहिलं. काही बोलली नाही. पुढे एका संध्याकाळी आम्ही कॉलेजातून आलो तर तिची गादी ओसरीवर नव्हती. ती वर होती, जिन्याच्या तोंडाशी, जिथून पटकन खाली उतरता येईल. त्या महिन्यात गाद्या सरकवायच्या नाहीत असं ताईनं जाहीर केलं. पुढच्या महिन्यात औशानंच ‘सरकवा’ म्हटलं.

आज ती लातूरला शिक्षिका आहे. तिच्या शाळेत भूकंपात काय करायचं याची कवायत ती स्वतः घेते.

८. खोलीतलं भांडण जिन्याखाली नेऊ नये.

भांडलो आम्ही, पुष्कळ. कुणी साबण वापरला, कुणी पेपर फाडला. ते काकूंच्या किंवा घरच्यांच्या कानावर घालायचं नाही, एवढं ठरलेलं होतं. घरी कळलं की दोन मुलींचं भांडण दोन कुटुंबांचं होतं आणि मुली कधीच्याच बोलायला लागल्या तरी आया बोलत नाहीत. मात्र रेक्टर म्हणून मी मुलींना याची दुसरी बाजूही सांगते : कुणी धमकावत असेल, त्रास देत असेल, तर ते भांडण नव्हे. ते त्याच दिवशी, त्याच तासाला खाली येऊन सांगायचं.

९. भिंत घातली की एकटेपण सुटत नाही.

आमचा वाडा आता नाही. तिथं इमारत उभी आहे. जुन्या भाडेकायद्यामुळे वाड्यांची भाडी वर्षानुवर्षं तुटपुंजी राहिली, दुरुस्तीला पैसा आला नाही, आणि पेठांतले वाडे एकामागून एक गेले. मला वाडा गेल्याचं फार वाईट वाटत नाही. माळ्यावर उन्हाळ्यात भाजून निघायचो आणि न्हाणीघर तीन मजले खाली होतं.

वाईट वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. स्पर्धा परीक्षांसाठी येणारी हजारो मुलं आज सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतात. एका हॉलमध्ये प्लायवूड मारून खण पाडतात, प्रत्येक खणात एक कॉट आणि एक मुलगा. माझी भाची अशा एका खणात राहिली. पलीकडच्या मुलीचा खोकला तिला रात्रभर ऐकू यायचा आणि सकाळी तिचं नाव ठाऊक नसायचं. परीक्षेचा ताण असतोच, पण तो कुणाबरोबर वाटून घ्यायची सोयच त्या प्लायवूडनं काढून घेतली आहे. ज्यांच्या अशा जागा आहेत त्यांना माझं सांगणं आहे : खर्च न करताही पुष्कळ करता येतं. एक पिण्याच्या पाण्याचा माठ मधोमध ठेवा आणि तो कुणी भरायचा याची पाळी मुलांनाच लावू द्या.

आणि यंदा जून-जुलैत मुलीला वसतिगृहात किंवा खोलीवर सोडायला जाणाऱ्या आईबापांना एक विनंती. सामान दारापर्यंत न्या, पण आत जाऊन तिची गादी तुम्ही घालू नका, तिची ट्रंक तुम्ही लावू नका. आधीच्या मुलींना ते करू द्या आणि तुम्ही खाली चहा प्यायला जा. परत आल्यावर तिला ‘जेवण कसं आहे’ हे नंतर विचारा. आधी विचारा, तुझ्याकडे कुठलं काम आलंय? अजून आलं नसेल तर रेक्टरांना भेटून ते मागून घ्या.